लघवी लाल झाली, ती ‘उन्हाळी’ नव्हे

[दृश्य: सोलापूर, दुपार. यंत्रमागाचा कारखाना, तापलेला पत्रा, धावता धोटा. आवाज हळूहळू मागे जातो.]

मे महिना. पारा ४२ अंशांच्या पुढे. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या घामाच्या धारा थांबत नाहीत, आणि पाण्यासाठी बाजूला व्हायचं तर धागा तुटायची धास्ती. अशा दिवसांत लघवी कमी होते, गडद पिवळी होते, होताना जळजळते. आपण म्हणतो, उन्हाळी लागली. घरात धने-जिऱ्याचं पाणी भिजत पडतं, सब्जा येतो, दोन दिवसांत बरं वाटतं.

तिथवर ठीक आहे. पण लघवी लाल झाल्यावरही हाच शब्द वापरला जातो, आणि तिथे घात होतो. उन्हाने लघवी घट्ट होते, रक्ताळत नाही. लघवीत रक्त उतरलं, तर मूत्रपिंड, तिथून लघवी खाली आणणारी मूत्रवाहिनी, लघवी साठते ते मूत्राशय, पुरुषांमध्ये त्याच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा लघवी बाहेर येते तो मूत्रमार्ग यांपैकी कुठून तरी ते आलेलं असतं. कुठून आलं, ते शोधावंच लागतं.

[दृश्य: पाण्याने भरलेली लिटरची बाटली. ड्रॉपरमधून लाल थेंब पडतात, रंग पसरतो.]

एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं, तरी रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. म्हणून भांडंभर लाल दिसलं की अंगातलं रक्तच संपलं, असं समजून हबकू नका. आणि नुसती गुलाबी छटा आहे म्हणून सोडूनही देऊ नका. रंग किती गडद, यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही.

लाल दिसणारं सगळं रक्त असतं, असंही नाही. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने ती केशरी होते; त्या गोळ्या घाबरून बंद करू नका. पाळीचं रक्त नमुन्यात मिसळू शकतं. यातलं काय खरं, ते तपासणी सांगते. घरी अंदाज बांधण्यात दिवस घालवू नयेत.

[दृश्य: प्रयोगशाळा. पट्टी नमुन्यात बुडते. अगदी जवळून.]

ही पट्टी पाहा. तिच्यावरचा रक्त ओळखणारा चौकोन आधी पिवळा आहे. मिनिटभरात तो हिरवा पडतो. आता खात्रीसाठी नमुना यंत्रात फिरवतात, तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या भिंगातून पाहतात. दिसणाऱ्या एका गोल क्षेत्रात तीन किंवा त्याहून जास्त तांबड्या पेशी आढळल्या, तर डोळ्यांना काही दिसत नसलं तरी ते लघवीतलं रक्तच. पट्टी हिरवी आणि गाळात पेशी मात्र नाहीत, असंही कधी घडतं. भर उन्हात अतिश्रम झाले की स्नायू तुटतात, त्यांचं रंगद्रव्य लघवीत येतं, पट्टी त्यालाही भुलते. अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी काळपट झाली आहे, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. या रंगद्रव्याने मूत्रपिंड बंद पडू शकतं.

नमुना नीट दिला नाही, तर अहवालही चुकतो. आधी जागा पाण्याने धुवा. लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली २० ते ३० मिलिलिटर निर्जंतुक डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या कडेला आतून बोट लावू नका. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवा. पाळी चालू असेल तर तसं आधीच सांगा. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या, नाहीतर जंतू सापडत नाहीत.

[दृश्य: डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण, हात आणि कागद एवढेच दिसतात.]

डॉक्टर विचारतात, लाल नेमकं कधी दिसलं? सुरुवातीलाच येऊन मग धार स्वच्छ झाली, तर मूत्रमार्गाकडे बोट जातं. शेवटी शेवटी आलं, तर मूत्राशयाच्या तोंडाकडे किंवा प्रोस्टेटकडे. पूर्ण धारच लाल असेल, तर मूत्राशय किंवा त्याच्याही वरचा भाग. बारीक गांडुळासारख्या गाठी पडल्या, तर रक्त बहुधा वरून, मूत्रवाहिनीतून आलेलं असतं. लाज वाटते म्हणून बरेच जण हे सांगतच नाहीत. सांगा. बाटलीत नमुना नसेल तर मोबाईलवर काढलेला फोटोही कामाला येतो.

सोलापुरात रक्त आणि दुखणं एकत्र आलं, की पहिला संशय मुतखड्याचा. कमी पाणी आणि भरपूर घाम, खडा व्हायला हे पुरेसं असतं. कंबरेच्या वरून निघालेली कळ जांघेपर्यंत येते, माणूस एका जागी बसू शकत नाही. खड्याचं निदान लवकर होतं, कारण दुखण्यापुढे कुणी घरी थांबत नाही. मात्र मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आणून दिवसच्या दिवस घेणं मूत्रपिंडाला महागात पडतं.

आम्हाला जास्त काळजी आहे ती न दुखणाऱ्या रक्ताची.

[दृश्य: विडीचं बंडल. काडी पेटते. धूर.]

एक दिवस लघवी लाल होते. दुखत नाही, जळत नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. माणूस म्हणतो, उष्णता होती, गेली. मूत्राशयाचा कर्करोग नेमका असाच वागतो: रक्त येतं, आपोआप थांबतं, कधी काही महिन्यांनी पुन्हा येतं. तेवढ्या काळात गाठ आत वाढत राहते. तंबाखूच्या धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि मूत्राशयात तासन् तास साठून राहतात. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज सोडून द्या. रंगकामाचाही इथे संबंध आहे. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा कर्करोग नोंदवला होता. आजार अनेकदा वीस-वीस वर्षांनी बाहेर येतो. म्हणून विडी सोडून दहा वर्षं झाली असली, किंवा तरुणपणी सूत रंगवायचं काम केलं असलं, तरी डॉक्टरांना ते सांगा.

बायकांच्या बाबतीत उशीर वेगळ्या वाटेने होतो. दर वेळी ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या मिळतात, कल्चर होत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणाच्या तरी लक्षात येतं. जंतुसंसर्ग खरोखर असला, तरी उपचार संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या. रक्त तसंच असेल, तर पुढचा शोध घ्यायलाच हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ‘त्यामुळेच असेल’ म्हणून थांबू नका. आणि स्वतःहून त्या बंदही करू नका.

[दृश्य: कपात कोरा चहा. शेजारी डबीत त्याच रंगाची लघवी.]

लहान मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज आली, आणि आठ-पंधरा दिवसांपूर्वी घसा दुखून गेला होता, तर मूत्रपिंडाच्या चाळणीला सूज आलेली असू शकते. त्वचेवरच्या फोडांनंतर हेच तीन ते सहा आठवड्यांनी दिसतं. रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्या.

रात्र असो की सुट्टी, थांबायचं नाही अशा काही वेळा आहेत. गाठींमुळे लघवी कोंडली आहे आणि ओटीपोट टणक झालं आहे. थंडी वाजून ताप आणि सोबत कुशीत दुखतंय. अडलेल्या खड्यामागे पू साठला तर काही तासांत जीवावर बेतू शकतं. गाडीवरून पडल्यावर लघवी लाल झाली. चक्कर येते आहे. बाई गरोदर आहे. १०८ ला फोन करा, किंवा सरळ छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

[दृश्य: सोनोग्राफीची खोली. नंतर दुर्बिणीचा बारीक काळा दांडा, टोकाला दिवा.]

बाकीच्यांनी चार-पाच दिवसांच्या आत दाखवावं. लघवीची तपासणी, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, मूत्राशय भरलेलं ठेवून सोनोग्राफी. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेली चपटी, बारीक गाठ तिच्यातून सुटते. म्हणून वयाच्या चाळिशीनंतर किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्याला डॉक्टर दुर्बिणीने आत पाहायला सांगतात. बधीर करणारं जेल लावतात, काम साधारण दहा मिनिटांत होतं, एक-दोन दिवस जळजळतं, लघवीत किंचित रक्त येतं. त्या दोन दिवसांत भरपूर पाणी प्या. ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा.