मॉलच्या वाटेतली मंडई

(दृश्य: पहाट. उड्डाणपुलांखाली टॅक्स्यांचे दिवे.)

दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन. बाकीचं शहर अजून झोपेत आहे, पण वॉरविक जंक्शनला पाय ठेवायला जागा नाही. रेल्वे स्टेशन, बसस्थानकं, मिनीबस टॅक्स्यांचे थांबे, सगळं एकमेकांना खेटून. दिवसाला सुमारे 4 लाख 60 हजार माणसं इथून येतात-जातात. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कामगारांसाठी शहराचा हाच दरवाजा होता. आत यायचं ते राबायला. इथं बसून काही विकायला मात्र मनाई.

(दृश्य: मंडईतले गाळे, भाजीचे ढीग.)

ही अर्ली मॉर्निंग मार्केट. ढीग नीट पाहा. मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या. आणि ते मातीनं माखलेले कंद? आपल्या अळकुड्या! झुलू भाषेत अमादुम्बे.

1860 पासून भारतातून माणसं करारावर इथल्या उसाच्या मळ्यांत आणली गेली. कराराची वर्षं भरल्यावर काहींनी शहराच्या कडेला खंडानं जमिनी घेतल्या, भाजी पिकवली आणि टोपल्या भरून डर्बन गाठलं. आधी रस्त्यावरच बसायचे. 1910 मध्ये त्यांना बाजार मिळाला, 1934 मध्ये तो या जागेवर आला. आज भारतीय वंशाचे आणि झुलू विक्रेते इथं शेजारी-शेजारी बसतात.

(दृश्य: जाळ, वाफ, पिंपातली कणसं.)

बाहेर मक्याची कणसं उकडताहेत, चक्क पिंपांत. पलीकडे बायका गुरांची मुंडी शिजवताहेत. सोबत वाफवलेला पाव. कामावर निघालेल्या माणसाचं पोट इथंच भरतं.

(दृश्य: अर्धवट पूल, वर वनौषधींचे गाळे.)

हा महामार्गाचा पूल अर्धवटच राहिला होता, कुठेच न जाणारा. 1990 च्या दशकात महापालिकेनं त्यावर जडीबुटी विकणाऱ्यांसाठी बाजार वसवला. सालं, मुळं, वाळलेली पानं. सरकारी डोक्यातून इतकी सुंदर कल्पना क्वचितच निघते.

(दृश्य: वॉरविकचा नकाशा.)

आणि त्याच महापालिकेनं फेब्रुवारी 2009 मध्ये, देशात होणारा फुटबॉल विश्वचषक वर्षावर आलेला असताना, मंडईची जागा 50 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मॉलसाठी द्यायचं ठरवलं.

नकाशावर जरा थांबू. डर्बनजवळच्या उम्हलांगाचा गेटवे मॉल 2001 मध्ये उघडला तो मोटारवाल्यांसाठी. वॉरविकला मोटारवाले कुठले? इथं सगळे पायी. मॉलला हवी होती तीच पावलं. टॅक्सीच्या थांब्यावरून स्टेशनकडे जाणारी वाट एकदा मॉलच्या दारातून वळवली की झालं. केळं घ्यायला म्हणून कुणी घरून निघत नाही, ते जाता-जाता घेतलं जातं. वाट शंभर पावलं सरकली, तर केळेवालीला उठवायला पोलीसही लागत नाहीत. तिचा धंदा आपोआप बसतो.

(दृश्य: मंडईची कमान, आजची.)

विक्रेते उभे राहिले. महापालिकेतलं काम सोडलेल्या दोघांनी 2008 मध्ये ‘आसिये एताफुलेनी’ ही संस्था काढली होती, ती त्यांच्या बाजूनं आली. लीगल रिसोर्सेस सेंटरचे वकील आले. रबरी गोळ्या झाडल्या गेल्या, खटले झाले, आणि एप्रिल 2011 मध्ये महापालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला.

(दृश्य: संध्याकाळ. परतीच्या रांगा.)

आता सकाळचीच माणसं उलट्या दिशेनं चालली आहेत. त्या बाईनं टॅक्सी यायच्या आत कांदे घेतले, टोमॅटो घेतले. अळकुड्यांचा भाव विचारला, मान हलवली. चार पावलं पुढे गेली.

परत आली.