कामाची हमी आणि मालकाचा धाक

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, चिकोडी, निपाणी भागात भांगलणीच्या दिवसांत एक तक्रार कानावर येते. रोजगार हमीचं काम निघालं की शेतात बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, वाढवून मागतात. तक्रार खोटी नाही. पण तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे. दुसरीकडे काम मिळतंय म्हणूनच ती बाई आज आपला दर सांगू शकते.

हेच मिखाऊ कालेत्स्की या पोलिश अर्थतज्ज्ञांनी १९४३ साली कारखानदारीबद्दल मांडलं होतं. सरकारने खर्च करून सगळ्यांना काम दिलं, तर लोकांच्या हातात पैसा खेळेल, माल खपेल, नफाही वाढेल. मग उद्योगपतीच त्याला विरोध का करतात?

त्यांचं उत्तर मला आजही पटतं. रोजगार खासगी गुंतवणुकीवर अवलंबून असेपर्यंत सरकारला उद्योगपतींची मर्जी सांभाळावी लागते; त्यांचा विश्वास डळमळला तर मंदी येईल, ही भीती असते. सरकार स्वतः काम निर्माण करू लागलं की ही पकड सुटते. सरकारी पैसा कुठे जाणार, याचीही त्यांना धास्ती असते. आज रस्ते, उद्या त्यांच्याच धंद्यात सरकारी कारखाना.

पण खरं दुखणं कारखान्याच्या आत आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, घ्या, नाहीतर निपाणीतली तंबाखूची वखार. ‘जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य चालतं, कारण दाराबाहेर दुसरा माणूस उभा असतो. तो तिथे नसला, तर भट्टीजवळचा कामगार हातमोजे मागेल, जादा तासांचे पैसे मागेल. कालेत्स्कींच्या मते मालकवर्गाला नफ्यापेक्षाही ही शिस्त जास्त मोलाची वाटते.

इथे सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मात्र अन्यायाचं होईल. मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर जगणाऱ्या लहान फौंड्रीवाल्याला मालाचा दर तीच कंपनी सांगते. मजुरी वाढली तर त्याचं खरंच कंबरडं मोडतं. त्याची लढाई त्या दराशी आहे.

मंदीत सरकारी खर्च सगळ्यांनाच चालतो, हेही कालेत्स्कींनी हेरलं होतं. कामगार ताठ उभा राहू लागला की मोठे उद्योगपती आणि व्याजावर जगणारे एकत्र येतात आणि सरकारी तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च, कमी करा म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हाही ‘एवढा खर्च परवडेल का’ हा प्रश्न झालाच. उरलेल्या २६५ दिवसांचं काय, हे फार थोड्यांनी विचारलं.