आडनावातलं गाव

[कुंडलिकेवरचा पूल, सकाळची वेळ]

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी. रोह्यातून उठून मुंबईला गेलेली माणसं रोहेकर झाली, अष्टमीतली अष्टमकर. पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, झिराडचे झिराडकर. ही आडनावं बेने इस्रायलांची आहेत. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, घरात मराठी बोलणारे हे ज्यू. आज त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलमध्ये राहतात, आणि आडनावातलं गाव त्यांनी सोबत नेलंय.

[तेलाचा घाणा, बैल फिरतोय]

गावात त्यांना शनवार तेली म्हणत. धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. शनिवारी काम करायचं नाही, सुंता करायची, खवल्यांचाच मासा खायचा, आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना म्हणायची. बाहेरच्या ज्यूंशी फारसा संबंध नसताना एवढं त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं.

[नवगावची दफनभूमी, समुद्राकडून]

परंपरा सांगते की नवगावजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका जगल्या. वाहून आलेली प्रेतं इथे पुरली, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. गलबत कधी फुटलं, कुठून येत होतं, यावर मतं अनेक. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतले ज्यू आणि इथले स्थानिक, दोन्हींचा वारसा या समाजात दिसला. आपल्याला मात्र इतकं मागे जायचं नाहीये. आपला शोध एका आडनावाचा आहे.

[इस्रायलहून आलेल्या बाई, हातात पासपोर्ट]

या बाईंना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पासपोर्टवर आडनाव आहे सॅम्युएल. खरं तर ते पणजोबांचं नाव. मुंबईत इंग्रजी शाळा आल्या, पलटणीतली नोकरी आली, कारकुनी आली. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, अशी नावं लागत गेली आणि पुष्कळ घरांत शेवटचं 'कर' गळून पडलं. आजी सांगायची, आपण कुठलेतरी 'कर' होतो. हातात एवढंच.

मग सुरुवात कुठून करायची? घरापासून. लग्नाचा करार, म्हणजे केतुबा, बहुतेक घरांत जपलेला असतो. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर कुणीतरी जन्म-मृत्यू लिहून ठेवलेले असतात. ही पुस्तकं मराठीत छापली जात. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मराठीसह मुंबईत 1846 साली छापली गेली, पुण्यात 1874 साली. पुस्तक रद्दीत गेलं की ते कोरं पानही जातं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

[मुंबई, सॅम्युएल स्ट्रीट; सिनेगॉगचं दार]

1796. शार हारहामीम, दयेचं दार. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं. बेने इस्रायल प्रार्थनाघराला मशीद म्हणत, आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनाचं नाव याच मशिदीवरून आलं, असं सांगतात. रोज तिथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल.

नाव पुन्हा एकदा ऐका. सामाजी म्हणजे सॅम्युएल. हसाजी म्हणजे इझिकिएल. आडनाव दिवे आगरचं. पण दिवेकर चित्पावनांतही आहेत. नुसत्या आडनावावरून समाज सिद्ध होत नाही. शोधणाऱ्याने हे आधीच मनाशी पक्कं करावं. वडील-आजोबांची नावं सोबत हवीत, आणि गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं हेही ठाऊक हवं. दिवे आगर जंजिऱ्याच्या सिद्दीकडे, अलिबाग आंग्र्यांकडे, चौल-रेवदंडा 1740पर्यंत पोर्तुगीजांकडे. त्याप्रमाणे कागद वेगळ्या दप्तरांत विखुरलेत, आणि मराठी राज्यातले कागद मोडीत आहेत. जिल्ह्याचं नावसुद्धा 1981पर्यंत कुलाबा होतं. रायगड शोधत बसलात तर जुनं काहीच हाती लागायचं नाही.

[अलिबाग, इस्रायल आळी, मागेन अबोत सिनेगॉग]

1848 साली उभं राहिलेलं हे सिनेगॉग. पूर्वी मंडळीचा कारभार मुकादम आणि चौगुले पाहत, शब्द अगदी आपल्या गावगाड्यातले. जन्माची, लग्नाची नोंद शोधायची तर अशाच ठिकाणी विचारावं लागतं.

[दफनभूमी, बाई दगडावरची माती हाताने पुसतात]

सगळ्यात पक्का पुरावा हा, दगड. वरच्या ओळी हिब्रू, खाली मराठी. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात. ताव म्हणजे 400, रेश 200, आयिन 70, आलेफ 1. बेरीज 671. हजाराचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, तो 5 धरायचा, 5671. सोपी रीत अशी की 671मध्ये 1240 मिळवायचे. 1911. ज्यू वर्ष शरद ऋतूत बदलतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीचे महिने 1910मध्ये जातात. एवढं गणित आलं की दगड बोलायला लागतो.

आणि त्याखाली, देवनागरीत, मृताचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव सॅम्युएल. आणि शेवटी, रोहेकर.

[काही क्षण निवेदन नाही]

[मलिद्याचं ताट: पोहे, गूळ, खोबरं, फळं]

संध्याकाळी मलिदा हा विधी झाला. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घेतलं, गोड पोहे वाटले. नवस फेडायचा असला की करायचा, लग्न ठरलं की करायचा, नवं घर घेतलं की करायचा. इस्रायलमध्येही मराठी घरांत तो होतो.

या समाजाने इतिहास लिहिण्याचं कामही स्वतःच केलं. हायम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली लिहून पुरा केलेला ग्रंथ छापून आला 1937 साली, तेल अवीवला. त्यांच्या नावात आजही दोन्ही आहेत, सॅम्युएल आणि किहीम.

पुढचं थोडक्यात. 1948नंतर गावंच्या गावं रिकामी झाली. लोक इस्रायलला गेले, आणि तिथे पोचल्यावर तुम्ही पुरते ज्यू का, असं विचारलं गेलं. आंदोलन करावं लागलं, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला 2016 साली.

[दफनभूमीचा भिंतीलगतचा भाग, झुडपांत आडवे पडलेले दगड]

इथली मराठी अक्षरं दर पावसाळ्यात थोडी झिजतात. ज्या गावात अशी दफनभूमी आहे, त्या ग्रामपंचायतीने समाजाच्या विश्वस्तांना विचारून प्रत्येक दगडाचा फोटो काढावा, मजकूर उतरवावा, दफ्तरी ठेवावा. शाळेतल्या एका वर्गाला उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे. मराठी वाचणारी मुलं इथे आहेत. ज्यांच्या पणजोबांचे हे दगड आहेत, त्यांना ती अक्षरं आता वाचता येत नाहीत.