रातोरात हललेली कचेरी

श्रोतेहो, नमस्कार. शिकागोच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर व्हीटन नावाचे उपनगर आहे. ड्यूपेज काउंटीचे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचे, ते मुख्यालय. मात्र १८३९ मध्ये ही काउंटी स्थापन झाली, तेव्हा तो मान नेपरव्हिलला मिळाला होता. होय, आपल्यापैकी कित्येकांचे भाचे-पुतणे आज नोकरीनिमित्त जेथे राहतात, तेच नेपरव्हिल.

व्हीटन घडले ते रेल्वेमुळे. वॉरन आणि जेसी व्हीटन या बंधूंनी रुळांसाठी आपली जमीन दिली आणि १८४९ मध्ये तेथे गाडी आली. नेपरव्हिलच्या कारभाऱ्यांची भिस्त त्या वेळी लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर होती, त्यामुळे त्यांच्या गावी रेल्वे पोहोचायला १८६४ साल उजाडले. दारात आलेल्या रेल्वेला नाके मुरडणाऱ्या गावांविषयी मला कधीच सहानुभूती वाटलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. १८६७ मध्ये मतदान झाले आणि थोड्याशा मताधिक्याने मुख्यालयाचा कौल व्हीटनच्या बाजूने पडला. परंतु नेपरव्हिल दप्तर सोडीना. दप्तर नाही तर कचेरी कसली? अखेर १८६८ मध्ये व्हीटनची काही मंडळी रात्रीच्या अंधारात नेपरव्हिलच्या न्यायालयात शिरली आणि तेथील दप्तर उचलून बाहेर नेऊ लागली. तेवढ्यात गावाला जाग आली, आरडाओरडा झाला आणि पळापळीत काही कागदपत्रे मागेच राहिली. मागे राहिलेली ही कागदपत्रे लक्षात ठेवा. ती पुन्हा कोणी पळवू नयेत म्हणून नेपरव्हिलकरांनी सुरक्षित जागा शोधली आणि ती थेट शिकागोला नेऊन ठेवली. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला इतिहासप्रसिद्ध आग लागली आणि त्या आगीत ती सर्व कागदपत्रे जळाली. म्हणजे चोरीला गेलेले दप्तर वाचले आणि जपून ठेवलेले राख झाले! सातबाऱ्याची एकुलती एक प्रत ट्रंकेच्या तळाशी दडवणाऱ्यांनी ही हकिकत जरूर ऐकावी.

दप्तर पळवणारे हे गाव एरवी मोठे सोवळे. १८६० मध्ये तेथे व्हीटन कॉलेज हे धर्मनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले, आणि गावात दारूविक्रीला मुभा मिळाली ती थेट १९८५ मध्ये. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचे शालेय शिक्षण याच गावात झाले.

१८९६ मध्ये बांधलेली न्यायालयाची जुनी इमारत व्हीटनमध्ये आजही उभी आहे. कामकाज मात्र पुढे गावाच्या पश्चिमेला काउंटी फार्म रोडवर हलले. या खेपेस त्यासाठी कोणाला रात्री निघावे लागले नाही.