तारेवरची कापशी

नमस्कार मंडळी. आज कापशीबद्दल, म्हणजे उंदीर खाणाऱ्या छोट्या घारीबद्दल बोलूया. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर, धामणे, वडगावच्या शिवारात भात कापून झालं, मसूर-हरभरा वर आला की लाईटच्या तारेवर बसलेली असते बघा. कावळ्यापेक्षा लहान, राखाडी-पांढरी. डोळे लाल, खांदा काळा. परत सांगतो, डोळे लाल, खांदा काळा, एवढ्यावर ओळखता येतंय.

आता आमच्या मामांची गोष्ट, तीच तर सांगायला आलोय. उंदरांनी त्यांच्या मसुरात नुसता धुमाकूळ घातलेला, बांधाला बिळंच बिळं, म्हणून मामा विषाच्या गोळ्या घेऊन आले आणि मामी म्हणायल्यात, "अहो, कोंबड्या हिंडायल्यात शेतात, टाकू नका." दोघांचं वाजायलंय तेवढ्यात समोर कापशी हवेत उभी राहिली. म्हणजे खरंच उभी, पंख फडफडत एकाच जागी, मान खाली, पाय लोंबते सोडलेले. जराशी खाली आली, थांबली, परत खाली, परत थांबली, आणि मग पंख वर करून सरळ मसुरात. वर आली ती पायात उंदीर घेऊनच. कावळे मागे लागले, तरी ती बाभळीकडे निघाली, तिथनं दुसरी कापशी उडून आली, खालून उलटी झाली आणि उडता उडता पायातनं पायात उंदीर घेतला की हो! मामांची तंबाखू मळायची राहिली. म्हणाले, "आयला, घरपोच सर्व्हिस!" मामी दुसऱ्या दिवशी गोळ्या परत द्यायला गेल्या, दुकानदार घेईना, तिथंही भांडून आल्या.

तर नर शिकार आणतो, मादी घरट्यावर बसते. विष खाल्लेला उंदीर कापशीनं खाल्ला की ते विष तिच्याही पोटात जातंय, म्हणून गोळ्या नकोत. आणि घरट्यासाठी बांधावरची बाभळ राहू द्या, हल्ली ट्रॅक्टर वळत नाही म्हणून झाडं तोडायल्यात, मला हे काही पटत नाही.

बघायला सकाळी लवकर जावा, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुर्बीण नसली तरी चालतंय. गाडी लांब लावा, आणि मोबाईल धरून घरट्याखाली उभं राहू नका, त्रास झाला तर जोडी घरटं सोडून जाते.