पापणीचा रंग

(श्रावणातली सकाळ. भिजलेलं माळरान. लांबून घंटीचा आवाज.)

सकाळचे सात वाजलेत. तुळजापूरकडचा माळ. रात्रभर भुरभुर होती, आता जरा उघडीप आहे. चार महिन्यांपूर्वी इथं पाय टेकला की तळवा भाजायचा, आज गवतातून चाललं की पोटऱ्या भिजतात. समोर वीस-बावीस काळ्याभोर शेळ्या. पुस्तकात यांची जात उस्मानाबादी. इथं कुणी तसं म्हणत नाही, इथं ती शेरडं.

पोटभर चाऱ्याचे हे दिवस. आणि शेरडं झडतात तीही याच दिवसांत.

(कळपाच्या मागं रेंगाळणारी एक शेळी.)

ही बघा. महिन्यापूर्वी व्यायली, जुळी करडं आहेत. खाते, रवंथ करते. लेंडी घट्ट, गोल, काळी. मालकीणबाई म्हणतात, "हगवण न्हाई, मग जंत कशाचं? दोन पिलं वढत्यात, वाळणारच की." बोलणं खोटं नाही, पण अर्धंच. कारण या माळावरचा सगळ्यात वाईट जंत हगवण लावतच नाही.

त्याचं शास्त्रीय नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. राहतो शेळीच्या चौथ्या पोटात. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब. रक्तानं भरलेलं तिचं लाल आतडं आणि त्याला वेढे घालणारी पांढरी अंडनळी, त्यामुळं ती दिसते लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखी. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. म्हणजे एक थेंब. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर झाले, जवळपास अर्धा कप. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास. करडाचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

लेंडीत भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक धावत औषध आणायला जातात. ते पट्टकृमीचे तुकडे. बघायला किळसवाणे, पण मोठ्या शेळीचं त्यानं फारसं बिघडत नाही. जो खरा घात करतो, तो नुसत्या डोळ्यांना लेंडीत दिसत नाही.

(गवताच्या बुडाशी कॅमेरा. पात्यावर दव.)

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीबरोबर ती माळावर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यातून शेळीला लागण करणारी अळी तयार. ही अळी काही खात नाही, फक्त वाट बघते. दवाच्या पातळ थरातून पोहत पात्यावर चढते, पण फार वर जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन इंचांच्या आतच सापडतात.

आता शेळीचं तोंड कुठं असतं ते आठवा. शेळी मुळात झुडपाची. मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवराची डहाळी ओरबाडणारी. तिथवर अळी पोचत नाही. पण बांधावरची झुडपं तुटली आणि गायरान आक्रसलं. उरलेल्या तुकड्यावर गावातले सगळे कळप एकामागून एक फिरतात, आणि शेळीला मेंढीसारखं खाली मान घालून खुरटं गवत कुरतडावं लागतं. बुडापर्यंत. तेही सकाळी सातला, दव असताना.

आणि उन्हाळ्यात? मे महिन्यातल्या मराठवाड्यात अळी जगेल कशी? जमिनीवर बहुतेक मरतात. पण काही जंत शेळीच्याच पोटाच्या अस्तरात, अर्धवट वाढीच्या अवस्थेत, गुमान पडून राहतात. मृग बरसला की जागे होतात. शिवाय पाटाची कड, उसाचा बांध, विहिरीजवळची ओल इथं तर बारमाही पावसाळाच. दुष्काळात "तेवढंच हिरवं आहे" म्हणून आपण शेरडं नेमकी तिथं सोडतो.

जीव जातो तो करडांचा. दूध सुटून गवताला लागलेल्या, तीन-चार महिन्यांच्या पिलांकडं अजून जंताशी झुंजायची ताकद नसते. व्यायच्या सुमारास आईचीही ताकद घटते आणि तिच्या लेंडीतून अंडी भसाभसा वाढतात. म्हणजे पिलू जिथं पहिलं गवत खायला शिकतं, ती जागा आईनंच पेरून ठेवलेली. बाजारातून नवी शेळी आणून त्याच संध्याकाळी कळपात सोडली, तर दुसऱ्या गावचे जंतही घरी आले. बंदिस्त शेळीपालनात या जंताचा त्रास कमी. तिथं दाटी आणि ओल्या जमिनीमुळं करडांना रक्ती हगवण लागते. ते दुखणं वेगळं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत दख्खनी मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीशी संकर केला, तेव्हा गॅरोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी भरली. म्हणजे सोसायची ताकद काही प्रमाणात रक्तातूनही येते.

(औषधाची बाटली. पाजायची नळी.)

औषध तर सगळेच पाजतात. एकच औषध, वर्षानुवर्षं, सगळ्या कळपाला, नजरेनं वजन ठरवून. शेळीचं यकृत बरीचशी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं. त्यामुळं मेंढीच्या मापानं पाजलेला डोस तिला अपुरा पडतो. दुबळे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांची. म्हणून अंदाजे दुप्पट ओतणं हाही उपाय नव्हे. लेव्हामिझोल जास्त झालं तर शेळीला विषबाधा होते, आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात टाळतात. मात्रा डॉक्टरांनी सांगावी, शेळीचं वजन करून.

पण पाजायचं कुणाला? दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी पापणीच्या रंगाचा एक तक्ता तयार झाला. फाफा मालान या पशुवैद्याच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात. लालबुंद ते पांढरीफटक, पाच पायऱ्या. पापणी जितकी फिकट, तितकं अंगातलं रक्त कमी, आणि औषध पाजायचं ते फिकट पापणीच्यांनाच. त्यामागची गोष्ट साधी आहे: कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात.

(मालकीणबाई शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढतात.)

पहिली लाल. दुसरी लाल. तिसरी गुलाबी, शेळीच्या बाबतीत इथंच सावध व्हायचं. मग ती मागं राहिलेली. पापणी आतून खडूसारखी. जबड्याखाली हात लावला तर मऊ, पाण्याची पिशवी. "आगं बया," बाई म्हणतात, "गळ्याखाली पानी उतरलंय की."

लेंडीचा नमुना जंतांची अंडी मोजायला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाईल, आणि औषध लागू पडलं का ते बघायला दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. तोवर फिकट पापणीच्या पाच-सहा शेळ्यांच्या शिंगांना चुन्याचं बोट लागलंय. दहा वाजलेत. ऊन आलंय, गवत कोरडं झालंय. बाई काटेरी झाप बाजूला सारतात. चुन्याचं बोट लागलेल्या शेळ्या मागं थांबल्यात, त्यांच्यापुढं शेवरीचा पाला उंच टांगलाय. खडूसारख्या पापणीची शेळी पुढचे पाय भिंतीला लावून पाहते, पोचत नाही. बाई परत येतात आणि दोरी वितभर खाली सोडतात.