वाकलेली फळी

(सकाळ. एक खोली. कॅमेरा भिंतीवरून सावकाश सरकतो आणि एका लांब फळीवर येऊन थांबतो.)

या फळीकडे नीट बघा. मधोमध ती खाली झुकली आहे. दोन टोकांमध्ये दोरी ताणून धरली, तर दोरी आणि फळी यांच्यामधून माझं बोट आरपार जातं.

18 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, 120 सेंटिमीटर लांबी आणि आधाराला टोकांचे दोनच ब्रॅकेट. कापणं, घासणं, पॉलिश, भिंतीत भोकं पाडणं, सगळं मी केलं होतं. लावली त्या दिवशी ही फळी अगदी सरळ होती. त्या रात्री कितीतरी वेळ मी दिवा मालवला नव्हता. नुसती बघत बसले होते.

मग तिच्यावर पुस्तकं आली, आणि वर्षभरात फळीला असा झोळ पडला.

(दोरी काढली जाते. हात एकेक पुस्तक उतरवतात.)

पुस्तकं जड असतात हे माहीत असतं, पण किती जड याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मीटरभर ओळीचं वजन सहज 20 ते 30 किलो भरतं. त्यात लांबीचा हिशेब फार कठोर आहे. ओझं त्याच दाटीने भरलेलं असेल आणि आधारांमधलं अंतर दुप्पट झालं, तर झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणजे 60 सेंटिमीटरवर जी फळी अर्धा मिलिमीटर वाकते, तीच 120 सेंटिमीटरवर आठ मिलिमीटर वाकते. हे झालं पहिल्या दिवसाचं. लाकूड ओझ्याखाली पुढेही हळूहळू वाकतच राहतं, आणि ओझं काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. जाडीचा हिशेब मात्र आपल्या बाजूचा आहे. जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्शावर येतो.

हे गणित मला आधी कुणी सांगितलं असतं तर फळी वाचली असती. पण मग पुढचं काहीच घडलं नसतं, आणि ही खोली आज जशी आहे तशी झाली नसती.

(रिकामी भिंत. जमिनीवर पसरलेल्या वस्तू.)

दुरुस्तीचा सोपा मार्ग होता. मधोमध आणखी एक ब्रॅकेट ठोकायचा. त्यासाठी सगळं खाली उतरवलं आणि जमिनीवर मांडलं. त्या पसाऱ्याकडे बघताना पहिल्यांदा लक्षात आलं, की फळी आखताना मी फक्त भिंत मोजली होती. तिच्यावर काय ठेवायचं आहे, ते मोजलंच नव्हतं.

मग मोजलं. दोन नकाशांचे ग्रंथ, इतके उंच की ते कायम आडवे पडलेले. एक जुना रेडिओ, जो मी अजूनही रोज लावते. पत्रांचा पत्र्याचा डबा. लहान आकाराची पुस्तकं, पुष्कळ. आणि एक दगड, नदीतून उचललेला, ज्याला घरात कुठेच कायमची जागा नव्हती.

आधार मधोमध द्यायची गरजच नव्हती. डावीकडून 45 सेंटिमीटरवर एक उभी फळी थेट जमिनीपर्यंत नेली, की उंच ग्रंथांना त्यांच्या मापाचा कप्पा मिळत होता. उजवीकडे उरलेल्या 75 सेंटिमीटरमध्ये, फळीच्या खाली, एक बुटकी बैठक मावत होती, खिडकीच्या अगदी शेजारी. नव्या आडव्या फळीला समोरच्या कडेने 40 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवली. जाड फळी न घेता ताठपणा आला आणि प्लायवूडचे थर दिसणारी कडही झाकली गेली.

तो कोपरा मी ठरवून तयार केला नव्हता. ओझं, लांबी आणि माझ्या वस्तू यांची मापं जुळवता जुळवता तो सापडला. आज घरी येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बसतो.

(कर्कटकाची पेन्सिल भिंतीच्या कडेने फळीवर रेघ ओढत जाते. त्या घासण्याचा आवाज.)

उभी फळी बसवताना आणखी एक गोष्ट कळली. भिंती सरळ नसतात. गुण्या लावला तर कोपरा काटकोनात नव्हता, ओळंबा सोडला तर भिंत वरच्या बाजूला आत झुकलेली. सरळ कापलेली फळी अशा भिंतीला टेकवली की मध्ये फट राहते, आणि ती फट रोज डोळ्यांत खुपते. त्यावर सुतारांची जुनी युक्ती आहे. फळी भिंतीजवळ अगदी ओळंब्यात उभी करायची, कर्कटकाचं टोक भिंतीवरून खाली फिरवायचं आणि पेन्सिल फळीवर चालू द्यायची. भिंतीचा प्रत्येक फुगवटा फळीवर उतरतो. त्या रेघेवर करवत चालवली, की फळी फक्त त्याच भिंतीला बसते, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीला नाही.

स्वतःच्या हाताने घर सजवण्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच रेघ. तयार सामान सरासरी घरासाठी बनतं, त्याला इलाज नसतो. आपलं घर सरासरी नसतं.

(जुन्या वाटणाऱ्या रंगांचे फटकारे. दारं, शेकोटीच्या चौकटी, टेबलं.)

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात चार्ल्स्टन नावाचं एक शेतघर आहे. चित्रकार व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट 1916 मध्ये तिथे राहायला गेले. घर भाड्याचं होतं. तरीही त्यांनी दारांच्या फळ्या रंगवल्या, शेकोटीच्या चौकटी रंगवल्या, टेबलं, कपाटं, पलंगांची डोकी रंगवली. जेवणाच्या खोलीच्या काळ्या भिंतींवर स्टेन्सिलने नक्षी उमटवली. आणि हे एका दमात झालं नाही. बेल 1961 पर्यंत आणि ग्रँट 1978 पर्यंत त्या घराशी जोडलेले राहिले, आणि घर बदलत राहिलं. आज ते लोकांना पाहण्यासाठी खुलं आहे.

त्या रंगकामाकडे बघताना मला हायसं वाटतं, कारण ते गुळगुळीत नाही. ब्रशचा फटकारा दिसतो. रेघ थरथरलेली दिसते. ते दोघं कसलेले चित्रकार होते, हवं तर रेघ सरळ मारता आली असती. घरात त्यांना ती तशीच चालली.

चित्रकार नसलेल्यांचं काय, हा प्रश्न इटलीतल्या एन्झो मारी या डिझायनरने फार मनापासून घेतला. 1974 मध्ये त्याने टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाटं अशा वस्तूंचे आराखडे तयार केले, आणि तेही साध्या कापलेल्या फळ्या, खिळे आणि हातोडी एवढ्यावरच बनतील असे. जो मागेल त्याला हे आराखडे फक्त टपालखर्चावर पाठवले जात. लोकांना स्वस्तात खुर्ची मिळावी एवढाच त्याचा हेतू नव्हता. ज्याने एकदा स्वतः खुर्ची ठोकली, त्याला कुठल्याही खुर्चीकडे बघताना ती का उभी आहे आणि कुठे डगमगेल हे कळायला लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते शंभर टक्के पटतं. वाकलेल्या फळीनंतर मी एकही फळी आधार मोजल्याशिवाय पाहिलेली नाही.

(भिंतीवर चिकटवलेला मोठा रंगीत पुठ्ठा. त्यावरून सरकणारं ऊन.)

आता रंग. इथे घाई सगळ्यात जास्त नडते.

दुकानातल्या कार्डावरचा बोटभर चौकोन आणि खोलीभर भिंत यांचं नातं फार कमी असतं. चारी भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे तोच रंग भिंतींवर कार्डापेक्षा गडद आणि भडक दिसतो. लाल फरशी असेल तर पांढऱ्या भिंतीच्या खालच्या भागावर गुलाबी झाक चढते. दिव्याचाही वाटा असतो. 2700 केल्व्हिनचा पिवळसर दिवा आणि 6500 केल्व्हिनचा निळसर दिवा यांखाली एकच राखाडी रंग दोन वेगळे रंग वाटू शकतात. दोन वस्तूंचे रंग दिवसा तंतोतंत जुळतात आणि दिवा लावल्यावर वेगळे दिसतात, असंही होतं, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात.

म्हणून मी मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देते आणि पुठ्ठा आठवडाभर खोलीत फिरवते. सकाळी खिडकीसमोर, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. भिंतीवरच थेट नमुना लावला तर जुना रंग शेजारी राहतो आणि डोळ्याला फसवतो. पुठ्ठ्याच्या कडेला पांढरी पट्टी सोडली की तो त्रास टळतो.

आणि रंग वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही. पाण्याच्या इमल्शनला तासाभरात हात लावता येतो, पण त्याचा थर पुरता टणक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर भिंत पुसू नका, कपाट टेकवू नका.

(लाकडी पॅलेट. त्यावर डागलेला शिक्का जवळून.)

काही गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. त्या मी अगदी कळकळीने सांगते.

माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटचं फर्निचर अनेक जण करतात. पॅलेटवरचा शिक्का आधी वाचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यावर प्रक्रियेचं चिन्ह असतं. 'एचटी' ही रोमन अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर कसले तरी डाग सांडलेले असतील, तर तेही नको.

जुन्या घरातला, जुन्या खिडकीदारांवरचा रंग कोरडा घासू नका. कित्येक दशकं रंगांमध्ये शिसं घातलं जायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, इतरत्र वेगवेगळ्या वर्षी. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. शंका असेल तर आधी तपासून घ्या.

आणि जवसाचं तेल. लाकडाला ते सुंदर चढतं, मी स्वतः वापरते. पण तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर, एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

(हात काचकागदाने लाकूड घासतात, तंतूंच्या दिशेने.)

घासणं मला आवडतं. आधी 80 नंबरचा खरखरीत काचकागद, मग त्याहून बारीक 120, मग 180. मधला नंबर गाळला तर पहिल्याचे ओरखडे तेव्हा दिसत नाहीत. पॉलिश चढलं की मात्र सगळे वर येतात. कायम तंतूंच्या दिशेने, आडवं कधीच नाही. एका फळीला अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसात फळीवरच्या गाठी, रेषा, कुठे ती मऊ आहे आणि कुठे चिवट, सगळं हाताला पाठ होतं. मग कुणी विचारलं, की ही बाजू समोर का ठेवली, तर उत्तर तयार असतं.

पडदे, उशा, कुंड्या यांबद्दल फार बोलत नाही. त्या सहज बदलता येतात, म्हणून त्या शेवटी आणाव्यात. मी आधी आणल्या होत्या, आणि मग त्यांच्याशी जुळवत बसले.

(कोपऱ्यातली बैठक. दगड फळीच्या टोकाला. रेडिओचा मंद आवाज.)

जुनी वाकलेली फळी मी टाकली नाही. 60 सेंटिमीटरचा तुकडा कापला, पोट वर करून उलटा लावला, आणि तो आता दाराशी किल्ल्यांसाठी आहे. एवढ्याशा लांबीवर उरलेला बाक ओळखूही येत नाही. त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलने पहिल्या वेळची तारीख आणि मापं लिहिलेली आहेत. दाराशी वाकून जोडे घालताना ती दिसतात.

समोरची भिंत अजून रिकामी आहे. पुठ्ठा तिथे पाचवा दिवस टांगलेला आहे. सकाळी तो हिरवा वाटतो आणि आता, दिवे लागल्यावर, जवळपास राखाडी.

(दिवा मालवला जातो. खिडकीतून येणारा उजेड पुठ्ठ्यावर.)